टाका न घातलेलं पागोटं

साल अठराशे चौऱ्याण्णव. महाराज नुकतेच गादीवर बसले होते आणि कोल्हापुरातल्या हरएक डोक्याला नवं पागोटं पाहिजे होतं. साहेब, तुम्ही तेव्हा तीस वर्षांचे होतात, मी पंचेचाळीसचा. माझ्या दुकानाच्या पायरीवर तुम्ही येऊन उभे राहिलात. काखेत कोरं कापड, आणि डोक्यावर काहीच नाही. भर दुपारी, भर पेठेत, बोडक्या डोक्यानं. मला वाटलं, घरात मौत झालेली दिसतेय.

मी विचारलं, "कोण गेलं, पावणं?"

"कोण न्हाय. पटका विहिरीत पडला," तुम्ही म्हणालात.

"आणि तुमी न्हाय पडलासा?"

"मला पोहायला येतंय. पटक्याला न्हाय येत."

असं आपलं बोलणं सुरू झालं. ते पंचवीस वर्षं चाललं. आता थांबलं, असं लोक म्हणतात. लोकांना काय, लोक काहीही म्हणतात.

तुमचे चिरंजीव दिनकरराव तुमच्या आठवणींचं पुस्तक छापणार आहेत. तुम्ही कुठं शिकलात, प्रिन्सिपॉल कसे झालात, कॉलेजला काय काय जोडलंत, ते मोठमोठी माणसं लिहितील. दिनकरराव मला म्हणाले, "बाबालालचाचा, तुम्ही सांगा, मी उतरून घेतो." मी म्हटलं, माझं मी लिहीन. दोन यत्ता शिकलोय. अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. आणि जे लिहायचंय ते तुमच्याशी बोलायचंय, मधे दुसरा माणूस कशाला?

साहेब, तुमचं पागोटं माझ्या घरात आहे. मला झोप नव्हती, ती त्याच्यामुळं.

आम्हा पगडबंदांच्या धंद्यात एक रीत आहे. पागोटं बांधून तयार असलं, ते न्यायच्या आधी मालक गेला, तर ते पागोटं दहाव्याच्या आत उकलायचं. ज्यानं बांधलं त्यानंच. पेच न् पेच सोडवायचा, कापड सरळ करायचं, घडी घालून घरच्यांना द्यायचं. माझा बाप म्हणायचा, बांधलेलं पागोटं डोक्याची वाट बघत बसतं, आणि डोकं पागोट्याची. दोघांच्या मधे माणूस अडकतो. बापानं असली किती पागोटी उकलली. मीही उकलली. मामलेदारांचं उकललं, सावकारांचं उकललं, घडी घालून पोचतं केलं.

तुमच्याला मी हात लावत नव्हतो.

ते फळीवर होतं, तुमच्या मापाच्या कालबुतावर. कालबूत म्हणजे लाकडाचं डोकं, ज्याच्यावर आम्ही पागोटं बांधतो. तुमचं कालबूत मी खास करून घेतलेलं, कारण दुकानातलं एकही तुम्हाला पुरत नव्हतं. पहिल्या दिवशीच म्हटलं होतं मी, "डोस्कं लई मोठं हाय, कापड जादा लागंल." तुम्ही म्हणालात, "नेसरीच्या भातानं वाढलंय, बाबालालभाई, काय करू?" ते सागवानी डोकं पंचवीस वर्षं त्या फळीवर आहे. त्याला नाक नाही, डोळा नाही. पण तुम्ही गेल्यापासून माझी सून त्या फळीसमोरून जाताना डोक्यावरचा पदर पुढं ओढते. मी विचारलं, "कुणाला लाजतीस गं?" ती म्हणाली, "अब्बा, मला काय ठावं? आपोआप हात जातोय."

मी ते भिंतीकडं तोंड करून ठेवलं. सकाळी बघतो तर त्याचं तोंड दाराकडं. सुनेला विचारलं, ती म्हणते, म्या हात न्हाय लावला. मी पुन्हा भिंतीकडं फिरवलं. पुन्हा दाराकडं. मी काही भुताखेताला भिणारा माणूस नाही. पण चौथ्या दिवशी मी फिरवायचं सोडून दिलं. म्हटलं, बघायचंय तर बघा.

*

पहिल्या दिवशीचं बोलणं माझ्या अजून कानात आहे. नवीन कापड माझ्यापुढं टाकून तुम्ही म्हणालात, "बांधा, पण टाका घालू नका."

मला हसू आलं. पटका निराळा आणि पागोटं निराळं. पटका सकाळी बांधायचा, निजताना सोडायचा. पागोटं एकदा बांधलं की वर्षभर टोपीसारखं घालायचं न् काढायचं. आतून टाका नसला तर चार दिवसांत त्याचा भोपळा होतो. हे मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही पायरीवर बसलात, आणि मला विहिरीची गोष्ट सांगितलीत.

तुम्ही लहान होतात. तुमचे आप्पा तुम्हाला शिकायला ठेवायचं म्हणून नेसरीहून चालत कोल्हापूरला घेऊन आले. उन्हाळा. शेवटच्या दिवशी तुमचा घसा वाळला, पाय उचलेना. कागलच्या वाटेवर चिंचेखाली एक विहीर लागली. पाणी खोल, काठावर दोर नाही, आसपास माणूस नाही. तुमच्या आप्पांनी डोक्यावरचा पटका सोडला, त्याच्या टोकाला तांब्या बांधला आणि पाणी काढलं. तुम्हाला पाजलं, मग स्वतः प्याले. मग तोच ओला पटका पुन्हा डोक्याला गुंडाळला आणि चालायला लागले. गावात शिरेपर्यंत त्यांच्या मानेवरून पाणी गळत होतं, आणि तुम्ही मागून ते बघत चालला होतात.

"आता सांगा," तुम्ही म्हणालात, "टाका असता तर मी मेलो असतो का न्हाय?"

"तुमी मास्तर झालायसा. तुमाला कॉलेजात पाणी द्यायला शिपाई हाय."

"आणि शिपाई नसंल तवा?"

"तवा तहान सोसा."

मी टाका घातला. तुम्ही पागोटं डोक्यावर चढवलंत आणि बोट आत घालून चाचपलंत. "घातलासाच!" म्हणून खो खो हसलात. पुढं दर वर्षी दसऱ्याच्या आधी पागोटं नव्यानं बांधायला यायचं, आणि दर वर्षी तुम्ही बोट घालून चाचपायचात, हसायचात, शिव्या द्यायचात. मला ते आवडायचं. तुम्ही कॉलेजात जे मराठी बोलत होता ते कडक खळ दिलेलं. माझ्या पायरीवर आलात की तुमची जीभ नेसरीची व्हायची, आईला अव्वा म्हणणारी. माझ्यामुळं नाही हो. इथं तुम्हाला कुणी परीक्षेला बसवलेलं नव्हतं.

*

मग प्लेगचं साल आलं. त्याचं आपण कधी बोललो नाही. आज बोलतो.

गाव उठून माळावर झोपड्यांत गेलं होतं. आम्ही उशीर केला. मी केला, दुकान सोडवेना. माझ्या बायकोच्या, रसूलबीच्या, काखेत गाठ आली. गाडी मिळेना, डोली मिळेना, भोई पळून गेलेले. शेजारच्या दारांना कुलपं. कॉलेज बंद होतं, तुम्हा मास्तर लोकांना सरकारनं वस्त्या फिरून आजारी बघायला लावलं होतं. तुम्ही आमच्या गल्लीत शिरलात. मी ओट्यावर नुसता बसलेलो. तुम्ही आत डोकावलात. डोक्यावरचं पागोटं काढलंत, आत हात घातलात आणि माझा टाका दातानं तोडलात.

कापड दुहेरी करून तुम्ही बांबूला झोळी बांधलीत. एक टोक तुमच्या खांद्यावर, एक माझ्या. असे आपण तिला माळावरच्या दवाखान्याच्या छपरापर्यंत घेऊन गेलो. वाटेत ती कापड बोटांत धरून चोळत होती. खळ तीच शिजवायची आमच्या घरात. म्हणाली, "हे कुणाचं हाय? खळ जादा झालीय की." तापानं भाजत होती, आणि खळीचं बोलत होती.

तिथून ती घरी आली नाही. कापड सरकारी हुकमानं तिच्या अंथरुणाबरोबर जाळलं. कबरस्तानात माती द्यायला कोण आलं? मी, माझा पोरगा, आणि लांब उभे तुम्ही, बोडक्या डोक्यानं. परत जाताना वाटेत कुणी तरी तुम्हाला विचारलं, मास्तर, घरात कोण गेलं? तुम्ही काय उत्तर दिलंत, ते मला ऐकू आलं नाही. इतक्या वर्षांत मी विचारलंही नाही.

मी तुम्हाला काही म्हटलं नाही. आमच्यात उपकाराचं बोलायची रीत नाही असं मी म्हणू शकलो असतो, पण तशी रीत आहे. मला जमलं नाही. आणि माझ्या हाडात एक गोष्ट बसली, ती उठली नाही. तुमच्या आप्पांनी पटका सोडला आणि माणूस जगला. माझं पागोटं सुटलं आणि माणूस गेलं.

पुढच्या दसऱ्याला तुम्ही नवं कापड आणलंत. मी टाका दुप्पट घातला. तुम्ही बोट घालून चाचपलंत. हसला नाहीत. माझ्याकडं बघितलंत आणि एवढंच म्हणालात, "अजून?"

मी म्हटलं, "अजून."

त्यानंतर दर साली तेवढंच. पागोटं डोक्यावर चढवायचं, बोट आत घालायचं. "अजून?" "अजून." दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकांना वाटायचं, किंमत चाललीय.

*

तुम्हाला प्रिन्सिपॉल केलं, त्या दिवसाचं सांगू का? लोक लिहितील, हार पडले, भाषणं झाली. मला आठवतं ते असं, की दुपारी तुम्ही माझ्या पायरीवर येऊन बसलात आणि तुमचं तोंड उतरलेलं.

त्या खुर्चीत आधी हॅटवाला गोरा साहेब बसलेला. त्याच्या मागून पुण्याकडचे पंडित, चक्री पगडीवाले. आता एका प्रोफेसरानं सगळ्यांच्या देखत म्हटलं होतं, "यंदा खुर्चीत पटका बसणार." तुम्ही विचारलंत, "बाबालालभाई, दसऱ्याच्या दरबारात मी काय घालून जाऊ?"

मी म्हटलं, "खुर्ची पंडिताची, तर पगडी पंडिताची घाला."

"ते डोस्कं माझं न्हवं."

"मग पटका घाला. बसू द्या त्यांना हसत."

"त्यो बी माझा ऱ्हायला न्हाय. दरबारात पटका घातला तर मी सोंग केल्यागत दिसंन."

खरं होतं ते. तुम्हाला ना इकडचं डोकं होतं, ना तिकडचं. त्या दिवशी मी दुकान लावून घेतलं आणि तुमचं कालबूत गुडघ्यात धरून बसलो. पीळ नेसरीचा घेतला, तुमचे आप्पा घ्यायचे तसा, उजवीकडून चढता. बसका घेर दरबारी ठेवला. कुसुंबी रंग घेतला, तुम्ही पांढरा म्हणत होता तरी. तीनदा बांधलं न् तीनदा सोडलं. चौथ्यांदा बसलं. तसलं पागोटं त्याआधी कोल्हापुरात नव्हतं. मी अभिमानानं सांगतो, कुणाला राग आला तर येऊ दे.

दरबारानंतर चार दिवसांनी तोच प्रोफेसर माझ्या पायरीवर. "साहेबांना बांधलं तसं मला बांधून द्या."

मी म्हटलं, "देतो की. त्याच्यासाठी नेसरीत जन्माला या पावणं, मग कापड घेऊन या."

हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही रागावलात. म्हणालात, बांधून द्यायला पाहिजे होतं, सगळ्यांनी घातलं तर ते कुणाचंच राहत नाही, तेच पाहिजे. मी म्हटलं, ते माझं आहे, कुणाच्या डोक्यावर ठेवायचं ते मी ठरवणार. त्यावरून आपण महिनाभर बोललो नाही. ते भांडण तसंच राहिलं. अजून मला वाटतं मी बरोबर होतो.

दुसरं एक भांडण राहिलंय. तुमच्या कॉलेजातली पोरं बोडक्या डोक्यानं वर्गात बसायला लागली. मी म्हटलं, "डोस्कं झाका म्हणावं त्यास्नी, बाप मेल्यागत दिसतंय." तुम्ही म्हणालात, "डोस्क्यात काय हाय ते बघा, वर काय हाय ते कशाला?" मी म्हटलं, "वर काय तरी हाय म्हणून लोक आत काय हाय ते इचारत्यात." तुम्ही उठून चालायला लागलात. मला वाटलं जिंकलो. आठ दिवसांनी टांगा थांबवून, टांग्यातूनच ओरडलात, "आत काय न्हाय म्हणून वर बांधत्यात, असं बी असंल की!" आणि टांगा पुढं गेला. उत्तर द्यायला मी पेठेच्या टोकापर्यंत मागून पळालो होतो. सत्तरीला आलेला माणूस! सगळी पेठ हसत होती.

पण एकदा माझा टाका जिंकला, ते तुम्हीच कबूल केलंत. खेड्यांतून आणलेली तुमची पोरं इंग्रजीत मागं पडत होती. त्यांना काढा, कॉलेजचं नाव जातंय, असं वरून दडपण आलं. तुम्ही दोन वर्षं भांडलात. एका दुपारी आलात, पागोटं काढून माझ्या मांडीवर ठेवलंत. "ठिवा हे. उद्यापास्नं जात न्हाय. नेसरीला भात लावीन."

मी म्हटलं, "माझं दुकान म्हंजे धर्मशाळा न्हवं, कुणी बी येऊन डोस्कं ठेवून जायाला." आणि ते परत तुमच्या डोक्यावर घातलं, जोरानं, कानापर्यंत. "टाका कशाला घातलाय? मनात येईल तवा सुटू नये म्हणून घातलाय."

तुम्ही डोळे पुसलेत, म्हणालात ऊन लागलंय. मग उठलात. "म्हंजे टाक्यानं धरलं म्हणायचं."

"म्हणा की."

पोरं राहिली. तुम्हीही राहिलात. दसऱ्याला पुन्हा बोट आत गेलं, "अजून?" मी म्हटलं, "अजून," आणि त्या वर्षी तुम्ही पहिल्यांदा, प्लेगानंतर पहिल्यांदा, हसलात.

*

यंदा भादव्यात पागोटं आलं, तुम्ही आला नाहीत. टांगेवाला सखाराम घेऊन आला. म्हणाला, साहेब अंथरुणावर हायत, पण दसऱ्याला दरबाराला जायचं म्हणत्यात. पागोटं बांधून ठेवा म्हणालेत.

मी जुनं सोडलं, धुतलं, रंगवलं, खळ दिली. बांधायला बसलो तर बोटं वळेनात. वर्षभरात किती कडक झालीत ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. दोन दिवस लागले. पण बसलं, साहेब. इतकं सुरेख मी आधी कधी बांधलं नव्हतं. पीळ असा चढला की जणू कुणी फुंकर घालून चढवला. मग मी सुई ओवली. टाका घालायला कापड उलटं केलं.

आणि सुई पुन्हा रिळात खोचून ठेवली.

का, ते मला सांगता येणार नाही. हे शेवटचं बांधतोय हे बोटांना कळलं होतं. माझं शेवटचं, असं मला वाटलं होतं. वाटलं, पंचवीस वर्षं एक माणूस एकच गोष्ट मागतोय. एकदा देऊन बघू. तुम्ही दसऱ्याला बोट घालाल, चाचपाल, तुमचं तोंड कसं होईल ते मला बघायचं होतं. मी ते मनात दहा वेळा बघितलं.

दुसऱ्या दिवशी सखाराम परत आला. पायरीवरूनच म्हणाला, "चाचा, साहेबांनी येकच इचारायला सांगितलंय. 'अजून?' एवढंच. म्हंजी काय ते मला ठावं न्हाय."

मी म्हटलं, "न्हाय म्हणावं."

"काय न्हाय?"

"तू नुस्तं न्हाय म्हण की! टांगा हाक."

त्याच संध्याकाळी तुम्ही गेलात.

मी टाका घातला नाही, आणि तुम्ही गेलात. दोन्ही एका दिवसात. तुम्ही शिकलेले होतात, तुम्ही म्हणाला असता, बाबालालभाई, ह्याचा त्याच्याशी काय संबंध? मलाही माहीत आहे, संबंध नाही. पण ते फळीवर बसलेलं माझ्याकडं बघत होतं, आणि मी विचारत होतो, मी सोडलं म्हणून सुटलात का? आणि आता तेच पागोटं उकलायचं? एकदा तुमचं पागोटं सुटलं तेव्हा रसूलबी गेली, टाका सोडला तर तुम्ही गेलात, आता हेही माझ्या हातानं पुरतं उकललं तर उरेल काय? मग तुम्ही खरंच मेलेले व्हाल.

चौथ्या, पाचव्या, सहाव्या दिवशी मी फळीखाली बसून राहिलो. दुकान उघडलं नाही. सून भाकरी ठेवून जायची, पदर ओढून. एकदा दुपारी पायरीवर खोकला ऐकला, तुमचा, तंबाखूचा. दार उघडलं. पायरीवर ऊन होतं, बाकी काही नाही. मी तरी म्हटलं, "या, बसा की." शेजारचा तांबट बघत होता, त्यानं मान फिरवली.

सातव्या दिवशी दिनकरराव आले, बरोबर कॉलेजचा एक माणूस सुतारी गज घेऊन. म्हणाले, "चाचा, बाबांचं पागोटं कॉलेजच्या मोठ्या दालनात ठेवायचं ठरलंय. त्यांच्या तसबिरीखाली, काचेच्या पेटीत. खाली तुमचं नाव लिहू." त्या माणसानं फळीजवळ जाऊन उंची-रुंदी घेतली.

माझं नाव. काचेखाली. माझ्या बापानं राजवाड्यासाठी बांधलं, त्याचं नाव कुणाला माहीत नाही. आणि हे उकलावंच लागणार नाही! ते असंच राहील, माझा पीळ, तुमचं डोकं, मी गेलो तरी. साहेब, मी हो म्हणणार होतो. जिभेवर आलेलं. पण दहाव्याची रीत आडवी आली. म्हटलं, "परवा या, सांगतो."

दिनकरराव म्हणाले, "यात सांगायचं काय?" पोरगा चांगला आहे, पण वकील आहे.

आठव्या दिवशी मी वहिनीसाहेबांना भेटायला गेलो. आधीच जायला पाहिजे होतं, पाय उचलत नव्हता. त्या ओसरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "ते पागोटं तुमच्याकडं आहे ना? ह्यांचा जीव त्यात होता. शेवटच्या दिवशी सखारामाला पाठवला होता तुमच्याकडं."

मी विचारलं, "त्यानं काय सांगितलं परत येऊन?"

"दारातनंच म्हणाला, 'न्हाय म्हणालं चाचा.' हे झोपलेत असं मला वाटलं होतं. पण डोळे उघडले."

"आणि?"

"आणि हसले. किती दिवसांनी. मग म्हणाले, 'त्यास्नी म्हणावं, पाणी काढा.' मी तांब्या पुढं केला, तर मानेनं नको म्हणाले. प्याले नाहीत. तापात काही तरी बरळले असतील, बाबालालभाई. त्यानंतर बोलले नाहीत."

त्या रडायला लागल्या. मी त्यांना विहिरीची गोष्ट सांगितली नाही. ती तुमची होती, तुम्ही त्यांना सांगितली नसेल तर मी कोण? आता इथं लिहिली, ते वाचतील. मी खाली बघत बसलो. बोट आत घालायला तुम्हाला दसऱ्यापर्यंत थांबावंच लागलं नाही. तुम्हाला पोचलं होतं. आणि भांडण तुम्हीच जिंकलात, वर हुकूमही सोडलात. सवय प्रिन्सिपॉलची.

दिनकरराव, तुम्ही हे छापणार आहात म्हणून सांगतो. पेटी केली असेल तर मोडू नका. कालबूत घेऊन जा, तुमच्या वडिलांच्या डोक्याच्या मापाचं आहे, पुरतं बसेल. खाली माझं नाव लिहायचं असेल तर लिहा, नको असेल तर नको. पागोटं मागू नका. कापड वाळलं की घडी घालून वहिनीसाहेबांना पोचतं करीन, रीतीप्रमाणं. रंग थोडा उतरलाय.

साहेब, नवव्या दिवशी सकाळी मी पागोटं कालबुतावरून उचललं आणि सखारामच्या टांग्यात मांडीवर घेऊन बसलो. घरातून निघताना सुनेनं पदर ओढला आणि बाजूला झाली, जणू दोघं चाललोय. कागलच्या वाटेला चिंच अजून आहे, विहीर आहे. शेजारच्या शेतात एक शेतकरी मोटेला बैल जुंपत होता. मी काठावर बसून पहिला पेच सोडला. टाका नव्हता, साहेब. हात लावला न् ते आपणहून सुटत गेलं, पाण्यासारखं. घरून आणलेला तांब्या टोकाला बांधला.

शेतकरी ओरडला, "ओ पावणं, दोर हाय की हितं! चांगलं पागोटं कशाला भिजवतासा?"

मी म्हटलं, "तुझा दोर ऱ्हाऊ दे."

तांब्या खाली गेला, बुडाला, वर ओढला. हाताला रग लागली. पाण्याला कुसुंबी रंग आला होता, फिका. अर्धा सखारामला दिला, अर्धा मी प्यालो. मग माझी टोपी काढून खिशात घातली आणि ते ओलं कापड डोक्याला गुंडाळलं, उजवीकडून चढतं. बोटं वळत नव्हती, वाकडंच बसलं. टांग्यात चढलो. गावात शिरेपर्यंत मानेवरून पाणी गळत होतं.